निर्लेखनाच्या यादीत आधी कोण? (लोकप्रिय लेखकांची कीर्ती आणि आमचं गळकं छप्पर)

कपाटवाली

नमस्कार मंडळी. पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

गोव्यात डिचोली तालुक्यातल्या आमच्या गावात देवळाच्या अग्रशाळेला (यात्रेकरूंच्या खोल्यांना) लागून एक जुनं वाचनालय आहे. दोन खोल्या, नऊ कपाटं, एक टेबल आणि फिरण्यापेक्षा कुरकुरणारा एक पंखा. आठवड्यातून तीन संध्याकाळी मी तिथं देवघेव सांभाळते. गेल्या पावसाळ्यात मागच्या खोलीची कौलं सरकली. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला सांगायला नको, शंभर-सव्वाशे इंच कोसळतो. कोणाच्या लक्षात येईपर्यंत तीन कपाटं आतून घामेजली होती. चवथीच्या सुट्टीत आम्ही पुस्तकं सोप्यावर वाळत घातली. बरीच वाचली, काहींना बुरशी लागली, आणि एक कपाट खालून इतकं गंजलं होतं की हलवताना त्याचा पायच हातात आला.

मग समितीची बैठक. जागा कमी झाली, म्हणून दीडशेच्या आसपास पुस्तकांचं निर्लेखन करायचं ठरलं, म्हणजे दाखलनोंद वहीत तांबडी रेघ मारायची आणि पुस्तक रद्दीत. कोणती काढायची, यावर आमच्या एका ज्येष्ठ सदस्यांनी दोन मिनिटांत निकाल दिला. "आधी ते हलकंफुलकं काढा. अर्नाळकर, धारप, शिरवळकर, त्या बायकांच्या कादंबऱ्या. पुरस्कारवाली ठेवा. उद्या कोणी पाहुणा आला तर कपाटात काय दिसायला हवं?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मी पण डोलावली, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी यादी करायला बसले आणि अडले. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर आपण तारखांची चिठ्ठी चिकटवतो ना, त्या चिठ्ठ्यांनी अडवलं. रहस्यकथाकार बाबुराव अर्नाळकरांच्या एका झुंजारकथेला (झुंजार हा त्यांचा नायक) एकावर एक अशा तीन चिठ्ठ्या होत्या, डिंकानं टणक झालेल्या. सगळ्यात खालची सुरू होते १९७१ साली. मूळ पुठ्ठा केव्हाच गेलेला, कोणीतरी जुन्या कॅलेंडरचं पान लावून पुस्तक सुतळीनं शिवलंय, पाठीवर अर्धवट दिसणारी लक्ष्मी. आत एका पानावर हळदीचा अंगठा, अगदी रेषा मोजता याव्यात इतका स्वच्छ. शेजारच्या कपाटात एक पुरस्कारप्राप्त कादंबरी (नाव देत नाही, लेखकाचा काही दोष नाही). चिठ्ठी कोरी करकरीत, फक्त दोन शिक्के, दोन्ही १९९४ चे, दोन्ही एकाच सभासद क्रमांकापुढे. वही उघडून पाहिलं, तर ते आमचे ज्येष्ठ सदस्यच! पहिला शिक्का नेल्याचा, दुसरा मुदत वाढवून घेतल्याचा.

तर प्रश्न असा. ज्या लेखकांना लोकांनी असं झिजेपर्यंत वाचलं, त्यांचं नाव, त्यांचा लोकांच्या मनावरचा ताबा, हे सगळं त्यांच्या योग्यतेचं आहे का? की वेळ घालवायला काहीतरी हवं असतं म्हणून ते मोठे झाले? माझं मत अजून बनत नाहीये. यादी पुढच्या महिन्यात द्यायची आहे.

अर्धी_फेणी

शिव्या खायची तयारी ठेवून समितीशी सहमत. लोकप्रिय पुस्तक म्हणजे हुर्राक, काजूच्या रसाची पहिल्या गाळपाची हलकी दारू. काजूच्या हंगामात थंडगार, लिंबू पिळून, हिरवी मिरची चिरून दोन ग्लास कसे जातात कळत नाही. पाऊस आला की संपला. वर्षानुवर्षं बाटलीत टिकते ती फेणी. वाचनालयानं फेणी ठेवायची असते. लोक झुंजार वाचत होते कारण तेव्हा टीव्ही नव्हता, बस्स. आज ती चिठ्ठी पुढं चालू आहे का? शेवटचा शिक्का कधीचा, ते ताईंनी सांगितलं नाही, आणि मुद्दा तोच आहे.

कपाटवाली

शेवटचा शिक्का २००३. बरोबर पकडलंत.

उसगावचा_बापू

अर्धी फेणी, नाव फेणीचं घेतलंस पण भट्टी बघितलेली दिसत नाही. आमची आहे. फेणी होते कशी? हुर्राक आणि आंबलेला रस परत भाण्यात, म्हणजे भट्टीच्या भांड्यात, घालून गाळतात तेव्हा. आधी हुर्राक काढावाच लागतो रे बाबा. तो बंद केलास तर तुझ्या बाटलीत काय येणार, गटाराचं पाणी? (ह. घ्या.)

आता आमच्या घरचं सांगतो. माझे बाबा खनिजाच्या बार्जवर खलाशी होते. उसगावहून माल भरायचा, मांडवीतून खाली मुरगावला जायचं, बंदरात नंबर लागेपर्यंत थांबायचं. कधी एक दिवस, कधी तीन. बार्जवर करायचं काय? पत्ते, नाहीतर पुस्तकं. बाबांचं शिक्षण मराठी चौथी. चार-सहा अर्नाळकर सगळ्या बार्जांवर फिरायचे, एका बार्जवरून दुसऱ्या बार्जवर फेकायचे, पाण्यात पडलं तर पडलं. शेवटची पानं नसलेलं एक पुस्तक होतं, त्याचा शेवट प्रत्येक खलाशी वेगळा सांगायचा. बाबा ते वाचून वाचूनच पेपर वाचायला लागले, मग अग्रलेख, मग म्हातारपणी ज्ञानेश्वरी. पहिली पायरी काळ्या पहाडाची, अर्नाळकरांच्या दुसऱ्या नायकाची, होती. अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या म्हणतात. त्यांतली एकही थोर नसेल, पण माझ्या बाबांसारखे वाचक त्यांनी किती तयार केले, ते कुठल्या यादीत सापडायचं नाही.

पर्वरी_९९

बापूकाका __/\__ शेवटची पानं नसलेल्या पुस्तकावर वेगळा धागा काढा.

मास्तर_निवृत्त

विषय माझ्या जिव्हाळ्याचा, म्हणून प्रतिसाद लांबणार. चहा घेऊन बसा.

कीर्ती आणि प्रभाव या दोन गोष्टींची इथं गल्लत होते आहे. कीर्तीबद्दल माझी तक्रार नाही. ज्याला लोकांनी डोक्यावर घेतलं त्याला घेतलं, त्यात पात्र-अपात्र ठरवणारे आपण कोण. माझी भीती प्रभावाची आहे.

वर्गात चाळीस वर्षं मुलांना विचारत आलो, कर्ण कसा होता? उत्तर ठरलेलं. दानशूर, अभागी, अन्याय झालेला, स्वयंवरात "सूतपुत्राला वरणार नाही" म्हणून द्रौपदीनं अपमान केलेला. हा कर्ण व्यासांचा नाही. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत द्रौपदीचं ते वाक्यच नाही. उलट द्यूतसभेत द्रौपदीला कुलटा ठरवणारा आणि तिची वस्त्रं काढून घ्या असं दुःशासनाला सांगणारा कर्णच आहे. पण शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' १९६७ मध्ये आली आणि मराठी माणसाच्या मनातला कर्ण कायमचा तिच्यातला झाला. गंमत बघा, त्याच १९६७ साली इरावतीबाई कर्व्यांचं 'युगान्त' आलं. तेच महाभारत, पण डोळे उघडे ठेवून वाचलेलं. त्याला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कारही मिळाला. आता आपापल्या गावात विचारा, कर्ण कोणाकडून शिकलात? दहातले नऊ 'मृत्युंजय' सांगतील. दहावा सांगेल टीव्ही.

हे आजचं नाही. हरिभाऊ आपट्यांची 'गड आला पण सिंह गेला' १९०३ ची. त्या नावातलं वाक्य आज इतिहास म्हणून पाठ आहे, आणि तानाजीच्या बलिदानावरून कोंढाण्याला सिंहगड नाव पडलं असं शाळेतलं पोर सांगतं. तानाजी पडला १६७० ला, आणि महाराजांच्या १६६३ च्या पत्रात सिंहगड हे नाव आलेलं आहे. कादंबरीकारानं चूक केली असं मी म्हणत नाही. त्यानं कादंबरी लिहिली. आपण ती बखर म्हणून वाचली. लोकप्रिय लेखकाच्या हातात एवढी ताकद असते, आणि तिच्यावर लगाम कोणाचाच नसतो. आपल्या जत्रांतल्या ऐतिहासिक नाटकांचंही तेच. पडद्यासमोर मशेरी लावून बसलेल्या म्हातारीला जो संभाजी दिसतो तोच तिचा संभाजी, तिला तुम्ही कागदपत्रं दाखवायला जाऊ नका.

तरी माझं मत विचाराल तर, 'मृत्युंजय' रद्दीत घालू नका. शेजारी 'युगान्त' ठेवा, म्हणजे झालं.

अर्धी_फेणी

मास्तर, दंडवत. पण तुम्ही माझ्या बाजूनं बोललात की विरुद्ध?

मास्तर_निवृत्त

ते मलाही कळलेलं नाही.

मांडवीकाठ

मास्तरांच्या प्रतिसादाला वाचनखूण घातली. फक्त एका समजुतीला टाचणी लावतो, 'लोकप्रिय म्हणून उपेक्षित' या. मराठीत तसं सरसकट झालेलं नाही. ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर त्यांच्या काळात जितके खपले तितकं क्वचितच कोणी खपलं असेल. फडके १९४० ला रत्नागिरीत संमेलनाध्यक्ष, खांडेकर १९४१ ला सोलापुरात. मराठीला पहिलं ज्ञानपीठ मिळालं ते १९७४ मध्ये, कोणाला? तर 'ययाति'कार खांडेकरांना. म्हणजे त्या काळातल्या सर्वांत वाचल्या जाणाऱ्या लेखकांपैकी एकाला. रणजित देसायांची 'स्वामी' १९६२ ची, अकादमी पुरस्कार १९६४ ला. थेऊरला माधवराव-रमाबाईंच्या वृंदावनापाशी उभं राहून डोळे पुसणारे लोक मी पाहिलेत. त्या डोळ्यांतलं पाणी देसायांनी आणलंय.

तेव्हा भिंत लोकप्रिय आणि गंभीर यांच्यामधली नव्हतीच. भिंत होती ती विषयांची. पुराण, इतिहास, ध्येयवाद असेल तर लोकप्रियता माफ. खून, भूत आणि कॉलेजातली पोरं असतील तर दाराबाहेर. रहस्यकथाकार म्हणून ओळख असलेला कोणी संमेलनाध्यक्ष झालेला तुम्हाला आठवतो का? मडगावात १९३० ला वामन मल्हार जोशी अध्यक्ष, १९६४ ला कुसुमाग्रज. दोन्ही निवडी सोन्यासारख्या. पण मंडपाबाहेर पुस्तकांच्या दुकानात काय खपलं असेल, याचा अंदाज मला आहे. माझी हयात त्याच धंद्यात गेली. आपल्याकडे बहुतेक पुस्तकाची आवृत्ती निघते हजार प्रतींची, आणि ती संपायला पाच-सात वर्षं लागली तरी प्रकाशक कुरकुरत नाही. ही हजाराची पुस्तकं छापायला पैसा येतो कुठून? त्याच प्रकाशकाच्या खपणाऱ्या पाच नावांतून. हुर्राक-फेणीचं बापूंनी सांगितलं ते आमच्या गल्ल्यालाही लागू आहे.

तारवटीचा_नातू

माझं मराठी शाळेतलं आहे, चुका पोटात घाला. मी बाणावलीचा. तुमच्या चर्चेत आमच्याकडचा एक माणूस बसतो म्हणून लिहितो.

आजोबा तारवटी होते, बोटीवर. बोट लागेपर्यंत मुंबईत गावच्या कुडीत राहायचे. कूड म्हणजे गावकऱ्यांनी चालवलेली खोली, ज्यात प्रत्येकाची एक पेटी आणि रात्री सगळ्यांचा तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. त्या पेटीत कपडे कमी आणि रोमांशी जास्त. रोमांशी म्हणजे रोमी लिपीतल्या कोकणी कादंबऱ्या, पातळ, स्वस्त, मुखपृष्ठावर तलवार नाहीतर रडणारी पोरगी. पहिली कोकणी कादंबरी एदुआर्द ब्रुनो द सौजांची, १९११ ची, तीही रोमीतच. पण राजा होता रेजिनाल्ड फेर्नांडीस. लोक त्याला रोमांशींचो पातशाह म्हणत. शंभरावर लिहिल्या त्यानं.

आजी वाचायला शिकलेली नव्हती. आजोबा सुट्टीवर आले की बालकांवात (व्हरांड्यात) बसून मोठ्यानं वाचायचे आणि शेजारच्या चार बायका मासळी साफ करत ऐकायच्या. एकदा नायिका मेली तर आजीनं दोन दिवस आजोबांशी धड बोलणं टाकलं, जसं काही त्यांनीच मारली. आता सांगा, हा प्रभाव की नाही? पण कोकणी साहित्याचा इतिहास शिकवतात तेव्हा पातशहाला किती ओळी मिळतात? आमच्या घरात त्यांतली एकही रोमांस उरलेली नाही. कोणी ती ठेवायचं पुस्तक समजलंच नाही. पोदेराच्या (पाववाल्याच्या) पावाला गुंडाळायला गेली असतील.

दिगंत_७

रोमी आणि देवनागरीचा विषय काढलाच आहे तर ज्ञानपीठ दोनदा कोकणीला मिळालं ते कोणत्या लिपीतल्या लेखनाला, आणि १९८७ च्या राजभाषा कायद्यात मराठीचं

संपादक मंडळ

दिगंत_७, तुमचा उरलेला प्रतिसाद काढून टाकला आहे. भाषा आणि लिपी वादासाठी स्वतंत्र धागा आहे, तो कधी संपत नाही, तिथं जागा भरपूर आहे. इथं कपाटावर बोला.

ताळगावची_वांगी

इतके प्रतिसाद झाले, पण "त्या बायकांच्या कादंबऱ्या" हे शब्द एकालाही टोचले नाहीत. अर्नाळकरांसाठी बापू आले, सावंतांसाठी मास्तर आले, रेजिनाल्डबाबसाठी नातू आला. सुमती क्षेत्रमाडे, कुसुम अभ्यंकर, शैलजा राजे, योगिनी जोगळेकर यांच्यासाठी कोण येणार? मीच येते.

आमची आई दुपारी दोनला मोकळी व्हायची. हुमण-शीत (माशांची आमटी-भात) आटपलं, भांडी पालथी घातली, आणि चार वाजता चहाचं आधण ठेवेपर्यंतचे दोन तास तिचे. त्या दोन तासांत आई कुठल्या तरी डॉक्टरीणबाईच्या आयुष्यात असायची. क्षेत्रमाडे आणि अभ्यंकर दोघीही खरोखरच्या डॉक्टर होत्या, ते आईला माहीत होतं आणि तिला त्याचा फार अभिमान. "बघ, दवाखाना सांभाळून लिहितात." मी बारावीनंतर नर्सिंगला गेले तेव्हा घरात भांडण झालं. रात्रपाळी, परकी माणसं, लग्नाचं काय, सगळं. आई कधी वडिलांपुढं बोलायची नाही, त्या दिवशी बोलली. काय बोलली ते सांगत नाही, पण ती वाक्यं तिची नव्हती, कुठल्या तरी नायिकेची होती, मला ओळखू आली. मी तीस वर्षं सरकारी इस्पितळात काढली.

कर्णामुळे इतिहास बिघडला म्हणता मास्तर, मान्य. या पुस्तकांनी काय घडवलं ते कोणी मोजलंच नाही, कारण वाचणाऱ्या सगळ्या आपापल्या स्वयंपाकघरात होत्या. आणि कीर्ती म्हणाल तर या बायकांना कुठली कीर्ती? अर्नाळकरांवर निदान लेख येतात, "मराठीतला विक्रम" वगैरे. यांच्यावर मी पेपरात शेवटचं काही वाचलं ते यातल्या कोणाच्या तरी मृत्यूची बातमी असेल.

धागाकर्ते ताई, माझा तुम्हाला साधा प्रश्न. हळदीचा अंगठा अर्नाळकरांच्या पुस्तकावर सापडला म्हणालात. तो कोणाचा असेल असं वाटतं? खलाशाचा?

उसगावचा_बापू

ताई, गप्प केलंत.

पर्वरी_९९

मी इथली शेंडेफळ असणार. माझ्या पिढीचं पण ऐका. मी सुहास शिरवळकर वाचले ते 'दुनियादारी' सिनेमामुळे. सिनेमा २०१३ चा, कादंबरी १९८२ ची, आणि लेखक गेले २००३ मध्ये. सिनेमा बघून आम्ही कॉलेजातल्या सहा जणांनी मिळून एक प्रत घेतली, बसमधून पणजी-म्हापसा येता-जाता वाचली, शेवटचं प्रकरण कदंबाच्या सरकारी बसमध्येच उभ्यानं संपलं आणि माझा स्टॉप चुकला. तोपर्यंत मी मराठीत अभ्यासाच्या पुस्तकांशिवाय काही वाचलेलं नव्हतं. म्हणजे लेखकाला नवा वाचक मिळाला तो जाऊन दहा वर्षं झाल्यावर.

'तुंबाड'चंही तसंच. सिनेमा २०१८ ला आला, त्यामागं भयकथाकार नारायण धारपांच्या कथेचं बीज आहे असं कळल्यावर पोरं धारप शोधत सुटली. जुन्या प्रतींचे भाव वाढले.

पण उलटी बाजूही सांगते. व. पु. काळ्यांचं व्हॉट्सॲपवर जे चाललंय ते बघवत नाही. सूर्यास्ताचा फोटो, वर गुलाबी अक्षरांत दोन ओळी, खाली "वपु". त्यांतल्या निम्म्या ओळी त्यांनी लिहिल्या असतील असं वाटत नाही. माझ्या मामीनं मला एकदा त्यांचा एक सुविचार पाठवला ज्यात मोबाईलची बॅटरी होती. वपु गेले २००१ ला. मी तसं म्हटलं तर मामी म्हणाली, "अगो, त्यांना आधीच कळलं होतं." याला कीर्ती म्हणायचं तर नको ती.

मास्तर_निवृत्त

मामींच्या उत्तरावर बोलण्यासारखं काही शिल्लक नाही. ज्ञानेश्वरीतही लोक नंतर ओव्या घालत होते, एकनाथांना शुद्ध प्रत करावी लागली. वपुंचा एकनाथ कोण, ते बघू.

अर्धी_फेणी

एवढा मार खाल्ल्यावर थोडं मागं येतो. पण पूर्ण नाही.

धारपांच्या काही कादंबऱ्यांवर इंग्रजी भयकथांची सावली इतकी गडद आहे की मूळ पुस्तक वाचलेल्याला पुढचं पान आधीच कळतं. रहस्यकथांचंही बऱ्याचदा तेच. उचलायचं, नावं मराठी करायची, दार्जिलिंगच्या जागी लोणावळा. यालाही आपण आता परंपरा म्हणून ओवाळायचं का? वाचक घडवला हे ठीक. पण 'वाचक घडवला' हे गाइड-बुकानंही केलं, पंचांगानंही केलं. लेखक म्हणून काय केलं, हे विचारायचंच नाही का कधी? बापू, तुमचे बाबा ज्ञानेश्वरीपर्यंत पोचले, ते थोर. माझे काका पन्नास वर्षं झुंजारवरच राहिले. पायरीवर बसून राहणारेच जास्त.

उसगावचा_बापू

मग बसू दे की. पायरी सावलीत असेल.

मांडवीकाठ

अर्धी फेणी, तुमचा उचलेगिरीचा मुद्दा मात्र खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. फक्त एवढंच म्हणेन की भाषांतर, रूपांतर आणि चोरी यांची कुंपणं तेव्हा मराठीत सगळीकडेच मोडलेली होती, नाटकांत तर विचारू नका. धारपांनी त्या भुताला आपल्या वाड्यात आणून बसवलं, त्याला आपला माजघराचा अंधार दिला, हे काम मला लेखकाचंच वाटतं.

आणि अवांतर, पण गोव्याच्या धाग्यावर हे नाव आलं नाही याचं नवल. सत्तरीतल्या आंबेड्याचे महादेवशास्त्री जोशी. घराघरांत वाचल्या जाणाऱ्या कथा त्यांनी लिहिल्या, त्यांच्या कथेवर 'मानिनी'सारखा सिनेमा निघाला, आणि याच माणसानं भारतीय संस्कृतिकोशाचे दहा खंड उभे केले. त्यांना कुठल्या कपाटात ठेवणार तुमची समिती?

कपाटवाली

(तीन आठवड्यांनी धागा वर काढते आहे. मध्ये घरात लग्न होतं.)

आधी ताळगावच्या ताईंना उत्तर. तुमचा प्रश्न वाचल्यावर मी दाखलनोंद वही आणि सभासदांची वही शेजारी ठेवून बसले. त्या झुंजारकथेच्या चिठ्ठीवर १९७१ ते ८० मध्ये पुरुषांचे क्रमांक आहेत हे खरं. पण जुन्या वर्गणीच्या पावत्या बघितल्या तर कळलं, आमच्या गावात तेव्हा वर्गणी घरटी एक असायची आणि ती घरातल्या पुरुषाच्या नावावर असायची. म्हणजे वाचणारं कोण होतं, ते चिठ्ठी सांगतच नाही. हळदीचा अंगठा लहान आहे. माझा त्यावर बरोबर बसला.

महादेवशास्त्र्यांच्या कथांची आमच्याकडे चार पुस्तकं निघाली, चारही मागच्या भिजक्या कपाटातली, दोघांची पानं चिकटली आहेत. संस्कृतिकोशाचे खंड पुढच्या कपाटात, काचेआड, कोरडे. मी कथांची पुस्तकं कोशाच्या शेजारी नेऊन ठेवली. समितीला विचारलं नाही.

रविवारी यादी पुरी झाली. एकशे एकतीस पुस्तकं. तुम्ही भांडलात त्यांतलं फारसं कोणी गेलंच नाही. गेली ती कोणती? जुनी स्पर्धापरीक्षांची गाइडं, कुठल्याशा खात्याचे वार्षिक अहवाल, टेलिफोन डिरेक्टऱ्या, संगणक शिका छापाची पुस्तकं ज्यांत फ्लॉपी आहे, आणि मासिकांचे सुटे अंक. दीडेक कपाट त्यांनीच अडवलं होतं. आमच्यातल्या एकालाही ते तीस वर्षं दिसलं नव्हतं. एक-दोन कादंबऱ्या गेल्या, पण त्या वाळवीनं आधीच नेल्या होत्या, आम्ही फक्त पुठ्ठे मोजले. ती दोन शिक्क्यांची पुरस्कारवाली कादंबरी मीच ठेवून घेतली आहे. गेल्या आठवड्यात वाचायला काढली. पहिली चाळीस पानं जड गेली, आता जरा सुटली आहे. चिठ्ठीवर तिसरा शिक्का पडला.

ज्येष्ठ सदस्य यादीवर सही करायला आले तेव्हा टेबलावर धारपांचं एक पुस्तक वाळत ठेवलं होतं. उचललं, चाळलं, म्हणाले, "हे ठेवण्यासारखं आहे की नाही ते एकदा तपासून बघतो." घरी घेऊन गेले. नोंद केली का विचारलं तर म्हणाले, "तपासायला नेतोय, वाचायला नव्हे."

आज सतरा दिवस झाले.

ताळगावची_वांगी

दंड किती आहे तुमच्याकडे?

कपाटवाली

दिवसाला पन्नास पैसे.

उसगावचा_बापू

सोडू नका. पावती फाडा.